समोरची फौज

आमच्या न्हावऱ्यात कुठल्याही माळवदावर चढून पाहिले, तरी किल्ला दिसत नाही. शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. एका अंगाला घोड नदी, दुसऱ्या अंगाला भीमा आणि मधे सपाट मुलूख. पूर्वी ज्वारी-बाजरीचा, साखर कारखाना उभा राहिल्यापासून उसाचा. सह्याद्रीचे डोंगर पाहायचे तर पश्चिमेला पार जुन्नर-मावळाकडे जावे लागते. तरीही वसुबारसेपर्यंत गावातल्या कितीतरी अंगणांत किल्ला उभा असतो. ज्या मुलांनी डोंगर जवळून पाहिलेला नाही, ती मुले विटा, दगड आणि ओली पोती रचून रायगड उभा करतात.

माझ्या लहानपणी, १९६० नंतरच्या वर्षांत, ओढ्याची चिकण माती आम्ही पाटीने वाहायचो. किल्ल्यावर हळीव पेरायचे. चार-पाच दिवसांत त्याचे रान होई. किल्ल्यावर मांडायच्या मूर्तींना आम्ही ‘चित्रं’ म्हणायचो. तुतारीवाला, भालदार, ढाल-तलवारवाला मावळा, गुहेतला वाघ, डोक्यावर हंडा घेतलेली बाई आणि सर्वांत वर महाराज. रंगवलेली चित्रे घ्यायला पैसे नसत, म्हणून कुंभाराकडून कोरी आणायची आणि घरी रंगवायची. अंगरख्याला चुना, मुंडाशाला गेरू, शेल्याला कपड्यांची निळ आणि मिशांना आईच्या डबीतले काजळ. रंग धरावा म्हणून त्यात बाभळीचा डिंक. महाराजांची मूर्ती मात्र थोरला भाऊ रंगवी, आणि तेव्हा कोणी बोलायचे नाही असा नियम होता.

२०२४ च्या दिवाळीत याच भावाचा मुलगा बायकोमुलांसह इंग्लंडहून गावी आला. तो नॉटिंगहॅमला राहतो. त्याचा तेरा वर्षांचा मुलगा आल्या दिवसापासून शेजारच्या पोरांबरोबर चिखलात उतरला. प्रतापगड करायचे ठरले होते. सलाइनच्या नळीचे कारंजे झाले, बुरूज झाले, चित्रे मांडून झाली. मग तो कमरेवर हात ठेवून किल्ल्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, “आजोबा, समोरची फौज कुठे आहे?”

“हा काय, अफजलखान आहे की.”

“तो तर मरतोय. लढतंय कोण?”

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. त्या संध्याकाळी मला उत्तर सुचले नाही. पुढे वर्षभर जे वाचले, पडताळले आणि आठवले, ते या लेखात मांडतो आहे.

लाजेचा ढीग

हा प्रश्न त्याला पडला, कारण तो स्वतः फौजा बाळगतो. वर्षभरापूर्वी मी नॉटिंगहॅमला गेलो होतो, तेव्हा त्याच्या खोलीत त्या पाहिल्या होत्या. खेळाचे नाव वॉरहॅमर ४०,०००. हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचे मुख्य ठाणे त्याच शहरात आहे. १९७५ मध्ये तीन मित्रांनी लंडनला ती सुरू केली, तेव्हा ते लाकडी पटांचे खेळ हाताने बनवून विकत. १९८७ मध्ये रिक प्रीस्टली यांनी रचलेला हा विज्ञानकथेतला युद्धखेळ बाजारात आला. काळ एक्केचाळिसाव्या सहस्रकातला, रणांगण आकाशगंगेएवढे. माणसांचे एक जुलमी, जर्जर साम्राज्य आणि त्याच्याशी लढणारे नाना जीव : हिरवे, लढाईवाचून दुसरे काही न सुचणारे ऑर्क, टोळधाडीसारखे येणारे टायरॅनिड, धातूच्या सांगाड्यांचे नेक्रॉन.

सैनिक बोटाच्या दोन पेरांएवढा. तो तयार मिळत नाही. प्लॅस्टिकच्या चौकटीत हात, पाय, डोके, बंदूक असे सुटे भाग येतात. ते कापायचे, कानसायचे, चिकटवायचे. मग भिंतीला देतात तसे अस्तर, त्यावर मूळ रंग, मग पाण्यासारखा पातळ काळपट रंग, जो खाचांत उतरून सावली देतो, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर उजेड. एका सैनिकाला एक संध्याकाळ जाते. साठ-सत्तरांची फौज उभी करायची तर महिने लागतात. विकत आणून न रंगवलेल्या सैनिकांच्या साठ्याला हे खेळाडू ‘लाजेचा ढीग’ म्हणतात. हे ऐकून मला न तपासलेल्या उत्तरपत्रिका आठवल्या.

खेळाला पट नाही. टेबलावर टेकड्या, पडक्या इमारती मांडायच्या आणि अंतर फितीने इंचांत मोजायचे. आळीपाळीने चाल, मारा, धाव, हातघाई. प्रत्येक घावाला फासे : नेम लागला का, जखम झाली का, चिलखताने वाचवले का.

त्याच्याकडे दोन फौजा होत्या. एक निळ्या चिलखतांतल्या अंतराळवीरांची, दुसरी ऑर्कांची. “तुझी कुठली?” मी विचारले होते. “दोन्ही,” तो म्हणाला. “मित्र आला नाही तर मी दोन्हीकडून खेळतो.” ऑर्कांच्या गाड्या त्याने लाल रंगवल्या होत्या, कारण लाल गाडी जास्त पळते अशी ऑर्कांची श्रद्धा आहे. शत्रूच्या श्रद्धेचाही तिथे अभ्यास होता. प्रत्येक फौजेचा वेगळा ग्रंथ असतो. तिचा इतिहास, तिची दैवते, तिची लढण्याची रीत त्यात असते. तो त्याने दोन्ही बाजूंचा वाचला होता.

बुर्जी

लढाई लहान करून पुढ्यात मांडण्याची कल्पना आपल्याकडची. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे, आणि तेच खेळाचे नाव. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात त्यावर श्लेष केला आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने मानसोल्लासात राजाच्या करमणुकींत त्याला जागा दिली. त्याच ग्रंथात चित्रकलेचे रंग कसे करावेत हेही आहे.

आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात एक नियम होता. समोरच्याचे सगळे मोहरे मारले आणि त्याचा राजा एकटा उरला, तर तो विजय नव्हे. डाव बुर्जी, म्हणजे बरोबरीत. जिंकायचे तर समोरच्याकडे काहीतरी शिल्लक असताना त्याच्या राजाला मात द्यावी लागे, आणि प्याद्याने केलेली मात मानाची समजत. आंतरराष्ट्रीय नियम आले आणि बुर्जी गेली. पारावर बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात मात्र तो शब्द मी ऐकला आहे. नागवलेल्या शत्रूवरचा विजय मोजायचा नाही, हे आपल्या पूर्वजांनी खेळाच्या नियमातच बसवले होते.

युरोपात बुद्धिबळाचा युद्धखेळ झाला तो जर्मन मुलखात. ब्रुन्सविकच्या हेल्विग या गणिताच्या प्राध्यापकाने १७८० मध्ये दीड हजारांहून अधिक घरांचा पट काढला आणि घरांना डोंगर, नदी, दलदल असे रंग दिले. १८१२ मध्ये प्रशियाच्या राजासमोर राइसविट्झ नावाच्या सरदाराने घरेच काढून टाकली आणि प्लास्टरच्या तुकड्यांतून भूगोल मांडणारे टेबल केले. १८२४ मध्ये त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, त्यात नकाशा, फासे आणि पंच आणले. दोन्ही पक्षांनी हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे. शत्रूची जी तुकडी खरोखर दिसेल, तेवढीच पंच मांडणार. लष्करप्रमुख म्युफलिंगने हे पाहिले आणि हा खेळ नसून युद्धाची शाळा आहे असे म्हणत तो पलटणींना लावून दिला. १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला हरवल्यावर इतर देशांनीही तो उचलला. सेनापतींना या खेळाने शिकवले ते एवढेच, की समोरचाही विचार करतो आणि तो काय विचार करतो हे तुम्हाला दिसत नाही.

मुलांच्या खेळात हे आणले एच. जी. वेल्स यांनी. ब्रिटन कंपनीचे शिशाचे पोकळ सैनिक १८९३ पासून इंग्लंडच्या घराघरांत गेले होते. त्यांत हिंदी पलटणींचे संचही होते. ‘टाइम मशीन’ आणि ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ लिहिणारा हा लेखक जमिनीवर पालथे पडून त्या सैनिकांशी खेळे. लाकडी गोळी उडवणारी खेळण्यातली तोफ हे त्याचे मुख्य हत्यार. १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात त्याने नियम छापले. शेवटी त्याने सुचवले, की ज्यांना युद्धाची खुमखुमी आहे, त्यांना एका मोठ्या दालनात कोंडून हा खेळ खेळू द्यावा आणि बाकीच्या जगाला जगू द्यावे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. विज्ञानकथा आणि टेबलावरची लढाई, दोन्हींच्या मुळाशी हा एकच माणूस आहे. नॉटिंगहॅमच्या खोलीतले ऑर्क त्याचेच वंशज.

या खेळाने माणूस समंजस होतोच असे नाही. वॉरहॅमरमधले मानवी साम्राज्य हे जुलमी राजवटीचे विडंबन आहे. पण ते विडंबन आहे हे विसरून त्याच्या झेंड्यांवर भाळणारे निघाले. स्पेनमधल्या एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हे घालून आला आणि २०२१ मध्ये कंपनीला जाहीर पत्रक काढून सांगावे लागले की द्वेष त्या साम्राज्याचा आहे, आमच्या खेळाचा नाही. नियम दोन बाजूंचे असले, तरी मन एका बाजूचे राहू शकते.

जवळचा किल्ला

आपला दिवाळीचा किल्ला या परंपरेत बसतो का? सरळ पाहिले तर नाही. तो खेळ नाही, गणपतीपुढची आरास असते तसा देखावा आहे. महाराजांसमोर फासे टाकायचे नसतात, पणती लावायची असते. यात कमी काही नाही. डोंगर न पाहिलेल्या मुलांच्या हाताला बुरूज, माची, बालेकिल्ला हे शब्द त्यानेच शिकवले. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांना त्यातली सात-आठ नावे तोंडपाठ होती. शाळेने नव्हे, चिखलाने शिकवलेली.

पण मुलाचा प्रश्न मला सोडेना. आमच्या मुलखाला खरोखरच जवळचा किल्ला आहे. दौंडच्या बाजूने भीमेकडे गेले की पलीकडच्या काठावर, श्रीगोंदे तालुक्यात, पेडगाव लागते. तिथला भुईकोट म्हणजे बहादूरगड, मोगल सुभेदार बहादूरखानाची छावणी. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबापुढे उभे केले ते तिथेच. ११ मार्चला तुळापूरला काय झाले ते महाराष्ट्र जाणतो. ज्या किल्ल्याशी अशी जखम बांधलेली आहे, तो दिवाळीत अंगणात कोण बांधील? माझ्या आयुष्यात मी बहादूरगड कुणी केलेला पाहिला नाही. आमच्या जवळचा किल्ला शत्रूचा, म्हणून आम्ही लांबचे किल्ले बांधत आलो.

आणि शत्रू म्हणजे कोण, हे तरी या मुलखात सोपे आहे का? शिरूरला कंपनी सरकारची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री मुंबई पायदळाची पाचशेच्या आसपास माणसांची पलटण, अडीचशेच्या आसपास घोडेस्वार आणि दोन तोफा घेऊन कॅप्टन स्टाँटन तिथून निघाला, तो सकाळी भीमा कोरेगावात पेशव्यांच्या फौजेसमोर येऊन पडला. कंपनीच्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, मराठे आणि इतरही होते. पेशव्यांकडून गावात शिरून लढणाऱ्यांत अरब होते, गोसावी होते. तिथल्या स्तंभावरची नावे वाचली की इथल्याच मातीतली माणसे दिसतात. त्या दिवशी लढलेला घोडदळाचा रिसाला १८१७ मध्येच उभा राहिला होता. तोच पुढे पूना हॉर्स झाला, आणि १९६५ मध्ये तारापोर व १९७१ मध्ये अरुण खेत्रपाल या त्याच्याच अधिकाऱ्यांना परमवीरचक्र मिळाले. या रिसाल्याचे चित्र केले, तर ते किल्ल्याच्या कुठल्या बाजूला मांडायचे?

शिरूरच्या लोकांनी एका ठिकाणी याचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले होते. असईच्या लढाईत वेलस्लीच्या हाताखाली शिंदे-भोसल्यांविरुद्ध लढलेला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये शिरूरला वारला. त्याच्या थडग्याला गावकरी सत्पुरुषाचे स्थान मानू लागले आणि सुगीला तिथे धान्य वाहू लागले, असे जुने गॅझेटिअर सांगते. शत्रूच्या सेनापतीला नैवेद्य दाखवणाऱ्या या लोकांना अडाणी म्हणणे सोपे आहे. मला ते तसे वाटत नाही.

खान फसतोच

पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही कुंभाराकडे गेलो. “मोगल आहेत का?” मी विचारले. तो हसला. “मोगल कोण घेतंय, गुरुजी? साचाच नाही.” वीस कोरे मावळे घेऊन आलो. पोराने एम-सील मळून त्यांच्या पगड्या बदलल्या, ढाली मोठ्या केल्या.

रंगाची वेळ आली तेव्हा शेजारचा मुलगा, सहावीतला, चटकन म्हणाला, “हिरवा द्या सगळ्यांना.” मी कुंचला हातात धरूनच बसलो. मोगलांच्या दख्खनच्या फौजेत राजपूत होते, दख्खनी होते, मराठे सरदारही होते. इकडे महाराजांच्या पायदळाचा सुरुवातीचा सरनौबत नूरखान बेग होता. एकच रंग द्यायचा तर कुठला? शेवटी मी पुस्तकांतली जुनी लघुचित्रे काढली. पांढरे जामे, केशरी, जांभळे, गुलाबी पटके, निरनिराळे कमरबंद. त्या फौजेला रंगवायला आम्हाला मावळ्यांपेक्षा दुप्पट वेळ लागला, कारण मावळ्याचे कपडे आम्हाला पाठ होते आणि समोरच्याकडे आम्ही कधी नीट पाहिलेच नव्हते.

प्रतापगडाला हात लावायचा नाही, असे मी आधीच सांगितले होते. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सपाट जागेवर बहादूरगड केला. प्रसंग निवडला १६७४ चा. राज्याभिषेक होऊन महिना-सव्वा महिना झाला होता. मराठ्यांची दोन हजारांची एक तुकडी पेडगावच्या छावणीवर चालून गेल्याचे दाखवून मागे पळाली. बहादूरखान फौज घेऊन पाठीस लागला आणि पन्नासेक मैल लांब गेला. तेवढ्यात सात हजारांच्या दुसऱ्या तुकडीने उघड्या छावणीवर घाला घातला आणि एक कोटीचा ऐवज व दोनशे उत्तम घोडे नेले. शाळेत मी हा प्रसंग पन्नास वेळा तरी सांगितला असेल. पोरे दर वेळी हसायची, खान किती मूर्ख म्हणून.

नियम वहीच्या एका पानात बसले. शिंप्याची फीत, दोन फासे आणि राइसविट्झच्या रीतीप्रमाणे पंच म्हणून मी. दुसरी तुकडी हळिवाच्या रानात कुठे दडली आहे, ते फक्त माझ्याकडच्या चिठ्ठीत. शेजारचा मुलगा मराठ्यांकडून, आमचा खानाकडून.

पहिली तुकडी आली, वळली, पळाली. आमच्या पोराने बराच वेळ पाहिले आणि खानाला जागचा हलवलाच नाही. “हे फारच लवकर पळाले,” तो म्हणाला. अर्धी फौज तळावर ठेवून त्याने हळिवाच्या रानाकडे टेहळे पाठवले. दडलेली तुकडी सापडली. डाव संपला.

शेजारच्या मुलाचे डोळे भरून आले. “असं नसतं. खान फसतोच.” ओसरीवर बसलेले त्याचे आजोबाही मला म्हणाले, “गुरुजी, सणासुदीला खानाचं कौतुक कशाला?” त्यांचे बोलणे मला लागले. मी दोघांना काहीच म्हणालो नाही, कारण त्या क्षणी मलाही वाईट वाटले होते.

पण मुलगा उठून गेला नाही. दुसऱ्या डावात त्याने पहिली तुकडी लगेच पळवली नाही. तिला झुंजवले, चार माणसे गमावली, मग थोडे मागे, पुन्हा थोडी झुंज, पुन्हा मागे. खान सावध होता, पण जिंकत होता, आणि जिंकता जिंकता फीतभर लांब गेला. मग हळिवाच्या रानातून सात हजार निघाले.

त्या मुलाने उडी मारली नाही. तो ओट्यावरून खाली पाहत म्हणाला, “सर, मग खऱ्या खानाला काय दाखवलं असेल त्यांनी? तो पन्नास मैल गेला म्हणजे काहीतरी भारी दाखवलं असणार.”

तीस वर्षांत मला मुलांनी ‘केव्हा’ विचारले आहे, ‘कोणी’ विचारले आहे. त्या प्रसंगाबद्दल ‘कसे’ हे पहिल्यांदाच विचारले गेले. मी स्वतःलाही विचारले नव्हते, कारण माझ्या वर्गातला खान पहिल्या वाक्यापासून मूर्ख होता आणि मूर्खाला फसवायला काय लागते? खानाला अक्कल दिली तेव्हा गनिमी काव्याची किंमत दिसली. समोरची फौज बाहुल्यांची केली की लहान होतात ते आपलेच मावळे. शेजारच्या आजोबांना त्या दिवशी द्यायचे राहिलेले उत्तर हे आहे. ते खानाचे कौतुक नव्हते.

इंग्लंडची मंडळी आठवड्याने परत गेली. खानाचे वीस जण मावळ्यांबरोबर एकाच पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळून ठेवले आहेत. परवा पेटी उघडली, तर दोन भाले मोडलेले आणि गुलाबी पटक्याचा रंग उडालेला. वसुबारसेच्या आत ते दुरुस्त करायला हवे. शेजारचा मुलगा दोनदा विचारून गेला आहे. या वर्षी खान त्याला व्हायचे आहे.